रस्ता एकदाच खणायचा

काचीगुडा स्टेशनवर आरक्षणाच्या रांगेत मी उभी होते. परभणीची दोन तिकिटं काढायची होती, खालच्याच बर्थची, कारण शैलावहिनींना आता वर चढणं जमलं नसतं. छातीच्या दुखण्यानं त्या दवाखान्यात होत्या आणि एक-दोन दिवसांत घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले होते. सकाळी मी भेटले तेव्हा उशीला टेकून बसल्या होत्या आणि चहात साखर का नाही, यावरून नर्सशी तेलुगूत हुज्जत घालत होत्या. मला म्हणाल्या, हुरड्याचे दिवस आहेत, घरी आले की चार दिवस माहेरी जाऊन येऊ, तुम्हीपण चला. म्हणून मी तिथून परस्पर स्टेशनवर आले. माझा नंबर आला आणि तेवढ्यात मुग्धाचा फोन वाजला. मुग्धा माझी भाची, वहिनींची एकुलती एक मुलगी. ती नुसतं "आत्या..." म्हणाली आणि पुढे तिला बोलता येईना. खिडकीतला माणूस विचारत होता, "अम्मा, दो टिकट बोले ना?" मी त्याला काय उत्तर दिलं, ते आठवत नाही. रांगेतून बाहेर आले, एवढंच आठवतं.

वहिनी गेल्या, त्याला आता काही आठवडे झाले. घरी येणाऱ्यांची वर्दळ थांबली आहे. मुग्धा म्हणाली, आत्या, तू आईबद्दल लिही. तिला मराठी वाचायला जड जातं, अक्षरं जुळवत जुळवत वाचते, म्हणून हे छापून आलं तरी मलाच तिला वाचून दाखवावं लागणार आहे. तिला वाचून दाखवायचं आहे, हे मनात धरूनच लिहिते आहे.

वहिनी परभणीजवळच्या एका शेतकरी घरातल्या. सिव्हिल इंजिनिअर होऊन हैदराबादच्या महापालिकेत नोकरीला लागल्या आणि माझ्या वसंतदादाशी लग्न होऊन गौलीगुड्यातल्या आमच्या घरी आल्या. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या कचेऱ्या, शाळा आणि कोर्टातलं. सून नोकरी करते याचं माझ्या आईला कौतुक होतं, पण ती हेल्मेट घालून रस्त्यावरच्या खड्ड्यात उतरते, हे तिला कितीतरी वर्षं कुणाला सांगवत नसे. "महापालिकेत असते," एवढंच सांगायची, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टेबल-खुर्ची यावी म्हणून. मी शाळेत शिकवत होते, लग्न केलं नव्हतं, त्याच घरात राहत होते. संध्याकाळी आम्ही दोघी साधारण एकाच वेळी घरी यायचो. माझ्या हातांना खडूची भुकटी असायची, वहिनींच्या बुटांना डांबर. पायरीवर बसून त्या रॉकेलच्या बोळ्यानं डांबर पुसायच्या आणि दिवसभरात कोण कोण भांडलं ते सांगायच्या. अजूनही कुठे रॉकेलचा वास आला की मी मान वळवून पायरीकडे बघते, आणि आता राहते त्या फ्लॅटला पायरीच नाही.

वहिनींचं नेमकं काम काय, हे मला त्या पायरीवरच कळत गेलं. रस्त्याखाली पाण्याची लाइन, ड्रेनेजची, विजेची, टेलिफोनची, आणि पुढे गॅसची नि इंटरनेटची. प्रत्येकाचं खातं वेगळं, साहेब वेगळा, कंत्राटदार वेगळा. त्यामुळे नवा रस्ता झाला की पाणीवाले येऊन फोडणार, तो बुजवला की केबलवाले फोडणार. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं, एकाच वेळी खणायला लावायचं, आणि सगळ्यांचं झाल्यावरच वर डांबर टाकायचं, हे वहिनींचं काम. त्या म्हणायच्या, पाच जावांना एका चुलीवर स्वयंपाक करायला लावल्यासारखं आहे, प्रत्येकीला आपलीच फोडणी आधी द्यायची असते. त्यात सगळ्यांत जास्त भांडण पाणी खात्याच्या हमीदसाहेबांशी. उंच, शिडशिडीत माणूस, बोलणं अगदी मऊ. "हौ मॅडम, कल पक्का आतूं," म्हणायचे आणि उद्या फोन उचलायचे नाहीत. एकही मीटिंग दोघांनी न भांडता पार पाडली नाही. पण हमीदसाहेबांच्या बदलीची बातमी आली की वहिनी अस्वस्थ व्हायच्या आणि वरच्या साहेबांना जाऊन भेटून यायच्या.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट आहे. कुठल्याशा कामावर एका मजुराची पहार विजेच्या चालू केबलवर बसली. नकाशात ती केबल रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला दाखवली होती. माणूस वाचला, पण दोन्ही हात भाजले. वहिनी दवाखान्यातून घरी आल्या त्या सरळ न्हाणीघरात गेल्या आणि बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. ताटावर बसल्या, पण जेवल्या नाहीत. दादाला म्हणाल्या, की विजेचा माणूस तिथे उभा असता तर त्यानं नुसतं बोट दाखवलं असतं. तेव्हापासून त्यांनी एक धरलं. ज्यांच्या ज्यांच्या लाइनी आहेत, त्यांचा एकेक माणूस जागेवर हजर झाल्याशिवाय पहिली कुदळ मारायची नाही. यावरून त्यांनी पुष्कळांचा राग ओढवून घेतला. शेवटी घरच्यांचाही.

ती मुग्धाच्या लग्नातली गोष्ट. आमच्या गल्लीच्या खालच्या टोकाला ड्रेनेज झिरपून पिण्याच्या पाण्यात मिसळत होतं. त्या घरांतून उन्हाळ्यात कावीळ ठरलेली, पोरांना तर हमखास. गल्ली इतकी अरुंद की एक लाइन बदलायची तर सगळ्याच हलवाव्या लागणार. वहिनी कित्येक वर्षं त्यासाठी धडपडत होत्या. एकाकडे पैसा असायचा तेव्हा दुसऱ्याकडे नसायचा, दुसऱ्याकडे आला की पहिल्याचा परत गेलेला असायचा. अखेर एकदाचं सगळ्या खात्यांचं जमलं, कामाचा दिवस ठरला... आणि मुलाकडच्यांनी लग्नाचा मुहूर्त कळवला, तो नेमका त्याच आठवड्यातला. लग्न हॉलमध्ये होणार होतं, पण आईला मांडव आपल्या दारात हवा होता आणि नातीची पाठवणी आपल्या उंबऱ्यातून. ती तेव्हा फार थकली होती आणि हे शेवटचंच कार्य बघते आहे, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. दादानं वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, आईनं सांगितलं, मुलाच्या वडिलांचाही फोन आला. सगळ्यांचं म्हणणं एकच, तुझ्या एका फोनचं काम आहे, आठ दिवस पुढे ढकल. वहिनी ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, आता एक जण सुटला की सगळे सुटतील.

मुग्धानं शेवटी विचारलं. हातावर मेंदी ओली होती, त्यामुळे डोळेही पुसता येत नव्हते. "आई, खरं सांग. माझ्यासाठी एक वीक थांबवता आलं नसतं का?"

वहिनी म्हणाल्या, "आलं असतं. मी फोन केला असता तर सगळे थांबले असते. म्हणून तर नाही केला."

मुग्धा उठून आत गेली.

लग्नाच्या सकाळी गल्लीत आमच्या दारापासून टोकापर्यंत चर खणलेला होता. मांडव गच्चीवर घातला. आईला खुर्चीत बसवून वर न्यायचं होतं, ते वीज खात्याच्या माणसांनी केलं, आणि आईला ते इतकं आवडलं की ती वर गेल्यावर सगळा राग विसरली. पण मुग्धा विसरली नाही. संध्याकाळी पाठवणीच्या वेळी हमीदसाहेबांनी काम थांबवलं. मजूर चराच्या कडेला उभे राहिले. चरावर जाड फळी टाकली होती आणि पलीकडे, पैठणी नेसलेल्या वहिनी हात पुढे करून उभ्या होत्या. मुग्धा शालू सावरत फळीवरून आली. शेवटच्या पावलाला तिचा तोल गेला, आणि तिनं आईचा हात धरला नाही. शेजारी हमीदसाहेब होते, त्यांचा धरला. ते पुटपुटले, "आओ बेटा, संभलके." वहिनींनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि पदर नीट केला. गाडी गेली तरी त्या तिथेच उभ्या होत्या. हमीदसाहेब थोडा वेळ थांबले, मग त्यांनी माणसांना हळूच काम सुरू करायला सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात गल्लीच्या खालच्या टोकाला कुणालाही कावीळ झाली नाही. ते वहिनींनी मला सांगितलं, मुग्धाला नाही. मुग्धा सणावारी यायची, नमस्कार करायची, भेटी आणायची, पण पाहुण्यांसारखी बसायची आणि पाहुण्यांसारखी निघायची. वहिनी तिच्या आवडीचं सगळं करून ठेवायच्या आणि ती गेल्यावर ताटातलं उरलेलं झाकून ठेवायच्या. आई गेली, मग दादाही अचानक गेला. वहिनी निवृत्त झाल्या. घर विकून आम्ही दोघी काचीगुड्याच्या या फ्लॅटमध्ये आलो. मायलेकींमध्ये भांडण असं नव्हतंच, असतं तर मिटवता आलं असतं...

मग एके दिवशी मुग्धाचा फोन आला. कुकटपल्लीत तिच्या कॉलनीतला रस्ता आधी पाण्यासाठी खणला, बुजवला, मग इंटरनेटसाठी खणला, बुजवला, आणि आता वीजवाले आले होते. तिचं बाळ लहान होतं, बाबागाडी बाहेर काढायची सोय राहिली नव्हती आणि शेजारचे एक आजोबा खड्ड्यात पडून पाय मोडून घेऊन बसले होते. फोन मीच घेतला होता. ती म्हणाली, "आत्या, आईला विचार ना, कुणाला कॉन्टॅक्ट करायचं." मी फोन वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी ऐकून घेतलं, "येते," म्हणाल्या आणि कपाटातले जुने बूट काढले.

आम्ही दोघी गेलो. हमीदसाहेबही निवृत्त झाले होते, पण वहिनींनी बोलावलं म्हणून मुलाच्या स्कूटरवर मागे बसून आले. दोघंही रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि अर्थातच मध्ये दोनदा भांडले. मग वहिनींनी फोन लावायला सुरुवात केली. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आता साहेब झाली होती. दुपारपर्यंत मुग्धाच्या हॉलमध्ये पाणीवाला, वीजवाला, इंटरनेटवाला आणि कॉलनीची चार माणसं येऊन बसली. मुग्धा बाळाला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आईला काम करताना ती पहिल्यांदाच बघत होती. वहिनी एकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी दखनीत, मध्येच माझ्याशी मराठीत बोलत होत्या, कुणावर आवाज चढवत नव्हत्या आणि कुणाला उठू देत नव्हत्या. इंटरनेटवाला म्हणाला, मॅडम, आमची तारीख आठ दिवस पुढे घ्या, घरी कार्य आहे. वहिनी त्याच्याकडे वळल्या. मग त्याला म्हणाल्या, "कार्य होऊन जाईल, बाबा. तू तुझ्या जागी दुसरा माणूस उभा कर, पण तारीख नको हलवू. ती एकदा हलली की या पोरांना पुढचं वर्षभर असंच राहावं लागेल." मी मुग्धाकडे बघितलं. बाळाच्या पाठीवर थोपटणारा तिचा हात थांबला होता.

सगळे गेल्यावर ती आईजवळ येऊन बसली. म्हणाली, "तेव्हा तू मला असं नीट सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं गं," वहिनी म्हणाल्या. "तू तेव्हा नवरी होतीस."

मुग्धा हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. तिनं बाळ वहिनींच्या मांडीवर दिलं. हमीदसाहेब खिडकीपाशी जाऊन बाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिले, जणू तिथे काहीतरी फार महत्त्वाचं चाललं आहे.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. दर रविवारी मुग्धा यायची किंवा आम्ही कुकटपल्लीला जायचो. ती ऑफिसातल्या भांडणांबद्दल आईचा सल्ला घ्यायची. त्या वर्षांची मला इतकी सवय झाली की ती संपतील हे मनात आलंच नाही. आता चहा करताना मी अजून दोन कप पाणी ठेवते. दुपारी पेपर वाचता वाचता काही गमतीचं दिसलं की मान वर करते. हमीदसाहेब परवा येऊन गेले. बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "ताई, अब किससे लड़ना?"

वहिनींची एक सवय होती, ती कामावरून घरी आली होती. कुठलाही खड्डा बुजवायच्या आधी त्या स्वतः कडेला वाकून खाली हाक द्यायच्या, कुणी राहिलंय का म्हणून, आणि उत्तराची वाट बघायच्या. घराला कुलूप लावतानाही तेच. आम्ही दोघीच राहणाऱ्या, दोघीही दाराबाहेर उभ्या, तरी दार ओढण्याआधी त्या आत डोकावून विचारायच्या, "कुणी राहिलंय का आत?" आणि थोडं थांबायच्या. मी चिडवायचे, तुम्ही-मी इथे आहोत, आत कोण असणार वहिनी? त्या म्हणायच्या, विचारायला काय जातं.

काल मी मुग्धाकडे निघाले. पिशवी खांद्याला, किल्ली हातात. दार ओढता ओढता माझ्याच तोंडून निघून गेलं, "कुणी राहिलंय का आत?" हॉलमध्ये पंखा बंद होता, पडदा सरळ होता, सगळं जागच्या जागी होतं. लिफ्ट वर आली, तिचं दार उघडलं, मिटलं, ती खाली निघून गेली. मी मात्र कुलूप हातात धरून अजून थोडी थांबले.