खोत उस्ताद स्लॅबवर थांबले

माझी शेवटची पोस्टिंग नगरला होती. बाकी सगळी नोकरी उत्तरेत गेली. गाव देवळाली प्रवराच्या पुढे, नदीकाठी. आई तिथे एकटी राहायची. मी लष्करात नाईक, याकोब साळवे. आमचं घराणं पणज्यापासून ख्रिस्ती. युनिटमध्ये ख्रिस्ती मी एकटाच. प्रार्थना कधी सुटली ते माझं मलाही कळलं नाही. आई फोनवर विचारायची, "रविवारी उपासनेला येतो का?" मी म्हणायचो, "ड्युटी आहे."

पावसाळ्याच्या अखेरीस प्रवरेला पूर आला. आमचा कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, सकाळी गावाच्या वेशीवर पोहोचला. कमांडर एक तरुण कॅप्टन साहेब होते. बोटीवर हवालदार मारुती खोत आणि मी. खोत कोल्हापूरकडचे, मला सीनियर, म्हणून मी त्यांना उस्ताद म्हणायचो. नदी माझ्या ओळखीची, म्हणून इंजिन माझ्याकडे दिलं.

पाऊस थांबला होता, तरी पाणी चढत होतं. उसाचे फड दिसेनासे झाले होते. कडबा, मेलेली शेळी, कुणाच्या तरी घराचा दरवाजा वाहत गेला. पलीकडे शाळेच्या स्लॅबवर माणसं उभी होती. कोणी हाक मारत नव्हतं. ते मला बरं वाटलं नाही.

बोट सोडताना खोत म्हणाले, "देवाचं नाव घे."

मी इंजिनाची दोरी ओढायला वाकलो.

"तुझा कुठला?"

"ख्रिस्ती आहे, उस्ताद."

"मग त्याचं घे. मला त्यातलं काय ठावं न्हाई."

मी हात जोडले. शब्द आले नाहीत.

स्लॅबवर आई होती. कडेवर शेजारणीचं लेकरू. मला पाहून ती रडली नाही. म्हणाली, "आधी दादांना घे. त्यांना चालता येत न्हाई."

दादा म्हणजे गावचे जुने पाटील, लकवा झालेले. माझा बाप सांगायचा, पणज्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा ह्याच घराने त्याला विहिरीवर पाय ठेवू दिला नव्हता. पुढे पटकीची साथ आली. गाव रानात पळालं. त्या घरातल्या आजाऱ्यांना पाणी पाजायला पणजा मागे राहिला. "आपण कशासाठी ख्रिस्ती झालो, ते त्याला ठाऊक होतं," असं बाप म्हणायचा. मी ते विसरलो होतो. आईने तेव्हा यातलं काही बोलून दाखवलं नाही. तिने दादांचे पाय उचलले आणि बोटीत ठेवले.

पहिली खेप सुखरूप पोहोचली. दुसऱ्या खेपेला निघताच रेडिओ बोलला.

"धरणातून विसर्ग वाढवलाय. फास्ट करा. ओव्हर."

"रॉजर. ओव्हर."

थोड्या वेळाने नदीचा आवाज कमी झाला. बांध पूर्ण बुडाले की तसं होतं. काठावर वाढलेला माणूस त्या शांततेला भितो.

आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी स्लॅबला टेकलं होतं. उरलेले सगळे चढले, आई शेवटी. बोट दबली. कडेवरून पाणी आत येऊ लागलं. एक माणूस जास्त होत होता.

आई उठली. "मी ऱ्हाते. तू जा."

खोतांनी तिला खाली बसवलं. पोरांना वाटून लाइफ जॅकेटं संपली होती. त्यांनी स्वतःचं काढून तिच्या अंगात घातलं आणि बोटीतून स्लॅबवर उतरले.

"उस्ताद, मी थांबतो."

"इंजिन कोन चालवनार? नदी तुला कळती. जा."

"उस्ताद..."

"ऑर्डर हाय, साळवे."

माणसं उतरवून मी लगेच बोट वळवली. कॅप्टन साहेबांनी नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं. मग सोबत एक जवान दिला आणि म्हणाले, "जा."

मध्यावर मी मोठ्याने प्रभूची प्रार्थना म्हणू लागलो. एकही शब्द अडला नाही. आमेन म्हणून समोर पाहिलं तर शाळा नव्हती. तिथून पाणी सपाट वाहत होतं. आम्ही हाका मारत घिरट्या घातल्या.

"स्टेटस? ओव्हर."

मी बटण दाबून धरलं.

"स्लॅब गेला, सर. खोत दिसत नाहीत. ओव्हर."

पाणी उतरल्यावर ते खाली एका उसाच्या फडात सापडले. गावाने त्यांना खांद्यावर आणलं. दादांच्या मुलाने पुढचा खांदा दिला.

मी प्रार्थना केली आणि शाळा पडली, हे माझ्या मनातून जाईना. रविवारी चर्चमध्ये जाऊन पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "याकोब, याचं उत्तर माझ्याकडे नाही." त्यांनी खोटं सांगितलं नाही, म्हणून मी पुढच्या रविवारीही गेलो. माझा जीव कशासाठी राखला, हे विचारायला मला दुसरी जागा नव्हती. आता पेन्शनवर गावातच असतो. पावसाळ्यात दोर आणि बोट माझ्याकडे असते. गावातल्या सगळ्या आळ्यांतली माणसं सोबत येतात.

आमच्या मंडळीत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, आभार मानतात. खोतांसाठी आभार मानले त्या रविवारी त्यांची पत्नी सुनंदावहिनी कोल्हापूरहून आल्या. उपासना झाल्यावर त्या आईजवळ बसल्या.

"मावशी, ते भ्याले हुते का वो?"

मी घाईने म्हणालो, "नाही, वहिनी."

आई म्हणाली, "खोटं कशाला सांगतो? भ्याले हुते, बाई. मला जॅकेट घालताना हात लई थरथरत हुते. तरी उतरले."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग सावकाश म्हणाल्या, "त्येंचा धाकटा भाऊ ल्हानपनी हिरीत बुडाला. त्येंच्या डोळ्यांम्होरं. तवापास्नं पान्याला भ्यायचे."

खोत उस्तादांनी हे युनिटमध्ये कधी कोणाला सांगितलं नव्हतं.