बालाघाटची बस

लालबर्राच्या शाळेत मी सातवीच्या मुलींना शिवण शिकवत असे. एका वर्षी वाटलं, टाक्यांपेक्षा यांना बसनं एकटं जाऊन यायला शिकवावं. घरच्यांना विचारून आधी दोघींना जोडीनं बालाघाटला धाडलं. दवाखान्यात लस टोचण्याचा दिवस विचारून यायचा, एवढंच काम.

दुपारची बस आली, पण त्या उतरल्या नाहीत. मी शाळेत गेले, पुन्हा स्टँडवर आले, परत गेले. एकीची आई धावत आली.

"बाई, काहून धाडलं माह्या पोरीले?"

मी तिला घेऊन पुन्हा स्टँडवर गेले.

संध्याकाळच्या बसमधून दोघी हसत उतरल्या. "आमची बस चुकली, मंग दुसरी कव्हा हाय थे कंडक्टरले इचारलं," एक म्हणाली. आईनं तिला घट्ट धरलं. दुसरीनं सहज विचारलं, "बाई, तुम्ही पयल्यांदा एकट्या कव्हा गेलत्या?"

मी बत्तीस वर्षांची होते. माहेर, सासर, नोकरी, दरवेळी कुणीतरी पोचवायला आलं होतं.

"अजून गेलेच नाही," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी मी एकटीच बालाघाटच्या बसमध्ये चढले आणि उतरेपर्यंत पिशवीचा बंद पिळत बसले.