हलू नका, अक्का

स्पिरिटचा वास आला की बेंगळुरूतली ती थंड खोली आठवते. स्तनांच्या तपासणीची फेलोशिप नुकतीच सुरू झाली होती. सुईने गाठीचा तुकडा काढायला निपाणीकडच्या एका बाईंचा स्तन मॅमोग्राफी यंत्राच्या दोन पाट्यांत घट्ट धरला होता. मराठी येणारी मी एकटीच, म्हणून शिकवणाऱ्या मॅडमनी मला त्या बाईंचा हात धरून बसवलं. "हलू नका, अक्का," मी म्हणाले. "कुठं हलू बाई, खुंट्याला बांधल्यागत झालंय! कॅन्सर हाय काय, तेवढं सांग." मॅमोग्राफीची चित्रं मी पाहिली होती, गाठ कॅन्सरचीच वाटत होती. पण घरातली पहिली पदवीधर मी; मॅडमनी शिकायला घेतलं हेच मोठं, त्यांच्याआधी तोंड उघडणं शक्य नव्हतं. बाईंच्या पकडीतून हातही सोडवता येईना. बाई हळूच म्हणाल्या, "आता तूच हलायलीस की." आज सुई माझ्या हाती असते; रुग्णाचा हात धरायला एखाद्या शिकाऊ मुलीला बसवलं, की मी आधी त्या मुलीकडे बघते.