मोठ्या बाईंना सांगायला कोण जाणार

चर्चचे पाळकसाहेब घरी आले तेव्हा मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. मिशनच्या प्राथमिक शाळेच्या समितीत पालकांतून एक बाई हवी आहे, तुम्ही याल का, असं त्यांनी विचारलं. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दोंडाईच्याच्या अलीकडे आमचं गाव. मी त्याच शाळेत शिकले होते आणि माझ्या दोन्ही मुली तिथेच जात होत्या. तरी मी म्हटलं, आम्ही हिंदू, तुमच्या समितीत आमचं काय काम? ते म्हणाले, शाळेतली निम्म्याहून जास्त मुलं हिंदूंचीच आहेत, त्यांच्या वतीने कुणी बोलायला नको का?

समितीत आम्ही चौघं होतो. पाळकसाहेब, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर, मिरचीचा व्यापार करणारे नाना आणि मी. महिन्यातल्या एका शनिवारी शाळा सुटली की पहिलीच्या वर्गात बसायचो. बाकं इतकी बुटकी की नानांचे गुडघे छातीला टेकायचे. कौलं यंदा बदलायची का, सातपुड्याकडून मिरची तोडायला आलेल्या मजुरांची मुलं वर्षाच्या मध्येच वर्गात घ्यायची का, असले विषय. शिकवणं आमच्याकडे नव्हतं. शाळा नीट चालली आहे ना, एवढं पाहायचं. त्यातही बहुतेक गोष्टी मोठ्या बाईंनीच आधी करून ठेवलेल्या असायच्या.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. मला, नानांना, अगदी पाळकसाहेबांनाही त्यांनीच मुळाक्षरं गिरवायला लावली होती. अलीकडे त्या बोलणाऱ्याच्या तोंडाकडे फार निरखून बघायच्या. आम्ही ते बघून न बघितल्यासारखं करत होतो.

होळीच्या सुमारास शाळेचा हौद धुवायला रिकामा केला होता. मधल्या सुट्टीत बाकीची मुलं घरी जेवायला गेली असताना मजुरांपैकी एकाची लहान मुलगी त्यात उतरली आणि तिला वर येता येईना. ती ओरडत राहिली. मोठ्या बाई तिथून जवळच ओट्यावर हौदाकडे पाठ करून पाट्या तपासत होत्या. शेवटी रस्त्याने मोळी घेऊन चाललेल्या बाईला आवाज आला आणि तिने पोरीला बाहेर काढलं. गुडघे तेवढे खरचटले होते.

त्या शनिवारच्या बैठकीत हाच विषय होता. सिस्टर म्हणाल्या, धुळ्याच्या डॉक्टरांनी बाईंना कानाचं यंत्र दिलंय, पण त्यात नुसती घरघर ऐकू येते म्हणून त्यांनी ते पेटीत टाकलंय. शाळेची जबाबदारी आता दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल, हे चौघांनाही पटत होतं. नाना खाली बघत अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं खरं शे, पन बाईले सांगी कोन?"

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. सिस्टर आणि बाई लहानपणापासूनच्या मैत्रिणी, त्यांना सांगवेना. शेवटी सगळे माझ्याकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली रविवारची उपासना आटोपल्यावर मी बाईंच्या घरी गेले. त्या मिशनच्या कंपाउंडमध्येच दोन खोल्यांत राहायच्या. त्यांनी चहा टाकला. मी हळू आवाजात सुरुवात केली, त्यांना कळेना. जरा मोठ्याने बोलले, तरी कळेना. शेजारच्या ओसरीवर माणसं बसलेली. असली गोष्ट ओरडून कशी सांगायची? मी उठले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि एकेक शब्द सुटा करून हौदाची हकिकत सांगितली. समितीला काय वाटतं, तेही सांगितलं.

त्यांनी चहाखालचा स्टोव्ह बंद केला. मग रागावल्या. महिन्यातून एकदा येता, चहा पिता आणि निघून जाता, तुम्हाला शाळेतलं काय कळतं, असं म्हणाल्या. त्यांचं चुकत होतं असंही नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कोणती पोर?"

मी सांगितलं. त्यांनी पायात चपला सरकवल्या. आम्ही दोघी मजुरांच्या पालांपर्यंत चालत गेलो. पोर आईच्या मांडीवर बसली होती. बाईंनी तिचे गुडघे पाहिले आणि तिच्या आईपुढे हात जोडले. त्या आईला मराठी फारसं येत नव्हतं. तिने पोरीला उचलून सरळ बाईंच्या कडेवर दिलं. परतताना बाई एवढंच म्हणाल्या, "कुणीतरी यायलाच हवं होतं. तू आलीस, बरं झालं."

मे महिन्यात त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी नाना सगळ्यांदेखत रडले. जूनमध्ये पाळकसाहेबांनी बाईंना समितीत बोलावलं. त्या एका अटीवर आल्या: एका वेळी एकानेच बोलायचं, तेही त्यांच्याकडे तोंड करून.

आमच्या बैठका त्यामुळे लांबल्या. नानांना दुसऱ्याचं बोलणं तोडायची खोड होती, ती मोडली. मिरचीचा हंगाम सुरू झाला तेव्हा बाईंनी विचारलं, पालांवरच्या मुलांना शाळेत आणायला कोण जाणार. सिस्टरनी लगेच हात वर केला, आणि पाठोपाठ नानांनीही.