स्पीकरमधला कापूस

मी धरणगावच्या बाजारात टीव्ही विकतो. नवे, चपटे, भिंतीला लावायचे. आणि बावीस वर्षं माझ्या दुकानाच्या बरोबर समोर बसून तोतारामनाना जुने टीव्ही मरू देत नव्हते. माणसाने धंदा करावा तरी कसा? गिऱ्हाईक माझ्या काचेपर्यंत यायचं, नव्या सेटवरून हात फिरवायचं आणि जाता जाता म्हणायचं, "बघतो भूपेंद्रभाऊ, आधी नानांना दाखवतो." नानांना दाखवला की तो डबा आणखी पाच वर्षं चालणार हे ठरलेलं. मी आतून दात-ओठ खायचो आणि वरून त्याला चहा सांगायचो.

नानांच्या दुकानावर 'मृणाली टीव्ही क्लिनिक' अशी पाटी होती. मृणाली ही त्यांची एकुलती एक लेक, जळगावला मेहरूणमध्ये राहते, कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. नानांची बायको गेली तेव्हा ती वडिलांना घेऊन जायलाच निघाली होती. नानांनी चारचौघांत तिला शब्द दिला, की हात, डोळे आणि कान शाबूत आहेत तोवर दुकान. तिन्हींतलं एक गेलं की निमूट मेहरूण. या शब्दाला मीही साक्षीदार होतो. खोटं कशाला सांगू, मी तेव्हापासून त्यांच्या तिन्ही अवयवांवर नजर ठेवून होतो.

त्यांची कामाची पद्धत सगळ्या बाजाराला पाठ होती. "आधी बाहेर दख, मंग मझार," हा त्यांचा कायदा. मझार म्हणजे आत. सेट टेबलावर आला की नाना स्क्रू-ड्रायव्हरला हातच लावायचे नाहीत. आधी प्लग, मग सेटटॉप बॉक्सची वायर, मग रिमोटचे सेल. निम्म्या सेटांचा आजार तिथेच सापडायचा आणि मग सेटाच्या मालकाची भर बाजारात हजामत व्हायची. चिंचपुऱ्याच्या नवलभाऊंनी आवाज गेला म्हणून रिक्षात घालून सेट आणला, तर रिमोटवरचं आवाज बंद करायचं बटण दाबलेलं निघालं. नवलभाऊ त्यानंतर वर्षभर बाजारात मागच्या गल्लीने यायचे. आणि आवाज तपासायचा असला की नाना सेटकडे पाठ करून बसायचे. चित्र दिसलं की कान आळशी होतो म्हणे.

मला मात्र ते वेगळंच ऐकवायचे. "भूपेंद्र, तुना सेट आजारी पडस नही रे, एकदम मरस." ते खरं होतं, म्हणूनच राग यायचा.

मागच्या दिवाळीपासून एक गंमत सुरू झाली. नानांकडे चित्रासाठी सेट गेला तरी परत येताना त्याचा आवाजही 'सुधारून' यायचा. नानांना प्रत्येक सेटचा आवाज खोल गेलेला वाटायचा. मग ते आत जास्तीचा ॲम्प्लिफायर जोडायचे, मोठा स्पीकर बसवायचे. घरी नेऊन सेट लावला की आवाज एकवर असतानाही बातम्या देणारा माणूस अंगावर धावून यायचा. पण परत जाऊन नानांना सांगणार कोण? सांगायचं म्हणजे त्यांच्या कानांवर बोट ठेवायचं, आणि कान गेले की दुकान गेलं. मग गल्लीतले सगळे जुने सेट भंगारात आणि सगळी माणसं माझ्या दारात. गावाने याला नानांचा मान राखणं असं नाव दिलं आणि मागचं झाकण उघडून स्पीकरवर कापूस कोंबला. कापसाला आमच्याकडे काय तोटा!

मी बोलू शकलो असतो. मृणालीचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. पण माझ्या घरातही नानांनी दुरुस्त केलेलाच सेट आहे. माझी आई पार्वताबाई माझ्या दुकानातला टीव्ही घरात घेत नाही. "तुना पातय टीव्हीमा मानसं बी पातय दिखतस," म्हणते; पातय म्हणजे पातळ. तिच्या सेटमध्ये कापूस मी स्वतः भरला, चांगला मूठभर, नीट घडी करून. टीव्हीचा व्यापारी मी!

उन्हाळ्यात भिकुबाई आपला सेट घेऊन आली. नानांपेक्षाही मोठी, सगळ्या बाजाराची अक्का. "नाना, चित्र बठ्ठं गय. नुसती एक रेघ दिखस." बठ्ठं म्हणजे सगळं; पडद्यावर खरंच मधोमध एक आडवी पांढरी रेघ होती. मी त्या वेळी तिथेच उभा होतो, माझ्याकडे गिऱ्हाईक नव्हतं म्हणून. नानांनी प्लग बघितला, वायर बघितली, आणि बाहेर दोष नाही म्हटल्यावर झाकण उघडलं. भिकुबाईला कापूस आठवला तोवर उशीर झाला होता.

नानांनी कापूस चिमटीत धरून बाहेर काढला. "हाऊ कापूस कोनी भरा, अक्का?"

"उंदिरनी भरा व्हई," भिकुबाई म्हणाली. नानांना ऐकू गेलं नाही, म्हणून तिला तेच खोटं दुसऱ्यांदा ओरडून बोलावं लागलं.

"उंदिर घडी करीसन ठेवस का?"

नानांनी एक-दोन मिनिटं तो कापूस तळहातावर घेऊन बघितला. मग सेट लावला, रेघेकडे पाठ करून खुर्ची ओढली आणि मला म्हणाले, "आवाज शून्यवर घे. हयूहयू वाढाव. माले आयकू वना की मी हात वर करसू."

मी रिमोट घेतला. एकवर भिकुबाईने पदर कानाशी नेला. तीनवर शेजारचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. सहावर चहावाल्याकडची माणसं उठून आली. नानांचा हात मांडीवरच होता. आठ. नऊ. मला वाटलं, हात वर कर की रे बाबा. बावीस वर्षं ज्या गोष्टीची वाट पाहिली ती समोर घडत होती आणि मला ती नको होती. अकरावर त्यांनी हात वर केला आणि मागे वळले. समोर निम्मा बाजार कानात बोटं घालून उभा होता. लोकांनी घाईघाईने बोटं काढली, पण नानांचे डोळे शाबूत होते.

"कितला दिवसफाईन?" किती दिवसांपासून, हे त्यांनी विचारलं.

"दिवाईफाईन," भिकुबाई त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली.

"माले सांगं का नही?"

"तू मेहरूणले चालना जाशी म्हनीसन."

नानांनी चित्राचा खराब आयसी, म्हणजे चिप, काढून नवा लावला, रेघेची पुन्हा माणसं झाली. मग त्यांनी तोच कापूस उचलला, स्वतःच्या हाताने नीट घडी केला, स्पीकरवर ठेवला आणि झाकणाचे स्क्रू आवळले. मी निघालो तेव्हा मला एवढंच म्हणाले, "बठ्ठा जनम लोकेसले सांगं, आधी बाहेर दख. अन मी मझारच दखत ऱ्हायनू."

पुढच्या रविवारी मृणाली आली. दर महिन्याला येते तशीच, डबा घेऊन. रस्ता ओलांडून आधी माझ्याकडे आली, कारण बापाची खरी खबर प्रतिस्पर्ध्याकडेच मिळते हे तिला ठाऊक होतं. "भूपेंद्रकाका, बाबा फोनवर हल्ली सगळ्याला नुसतं हो म्हणतात. कान बरे आहेत ना त्यांचे?"

नाना समोरच्या ओट्यावरून उठून हात पुसत आमच्याकडे येत होते. मी म्हणालो, "कान? एकदम शाबूत. उलट माझेच गेलेत."

हे नानांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी जवळ येऊन मला विचारलं, "काय म्हनस ती?"

मी तेव्हा काहीही सांगू शकलो असतो. डब्यात काय आणलंय, जळगावला ऊन किती आहे. पण ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते की मला थाप सुचली नाही. मी मोठ्याने म्हणालो, "तुमचे कान कसे आहेत, विचारते."

"मंग तू काय सांगं?"

मी खाली बघितलं. नाना मुलीकडे वळले. "मना कान गयात, बेटा. चाल."

मृणालीची वाद घालायची तयारी होती, हरायचीही होती, जिंकायची नव्हती. ती तिथेच माझ्या पायरीवर बसून रडली. शटर नानांनी एकट्याने ओढलं.

याला आता दोन महिने झाले. भिकुबाईने आठवड्याभरातच सेटमधला कापूस काढून टाकला. मी कारण विचारलं तर म्हणाली, "आते कोनापाईन दपाडानं शे?" लपवायचं कोणापासून, हे बरोबरच होतं, आणि बाजारात नानांचं म्हणून आता तो आवाजच उरला होता. तिचं बघून गल्लीतल्या सगळ्यांनी काढला. मीही आईच्या सेटमधला काढला.

आता रोज संध्याकाळी सात वाजता बातम्या लागल्या की चारी बाजूंनी नानांचे सेट बोलायला लागतात. माझ्या दुकानात नवा सेट दाखवायला लावलेला असतो आणि त्याचे नुसते ओठ हलताना दिसतात. काल एका गिऱ्हाइकाने वाकून वाकून कान लावला आणि विचारलं, "भाऊ, याचा आवाज एवढाच का?"

मी समोरच्या बंद शटरकडे बघितलं आणि म्हणालो, "एवढाच."