जड लागतां गो?

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, डावं अंग गेलं, आणि दवाखान्यातून घरी आणल्यावर तिसऱ्याच दिवशी मी त्यांना पाडलं. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझा हात थांबतो. पलंगावरून उचलून खिडकीजवळच्या कदेलीवर, म्हणजे हातांच्या लाकडी खुर्चीवर बसवायचं, एवढंच काम होतं. मी त्यांच्या काखांत हात घातले, उचललं, अर्ध्या वाटेत माझे गुडघे वळले आणि आम्ही दोघी जमिनीवर आलो. त्या ओरडल्या नाहीत. उजव्या हाताने त्यांनी माझ्या पदराचा बोळा धरला होता, तो किती तरी वेळ सोडला नाही.

आमचं घर डिचोली तालुक्यात, लाटंबार्स्यात. नवरा खाणीच्या कचेरीत कारकून, धाकटा दीर खनिजाचा ट्रक चालवायचा. दोघं उजाडता बाहेर पडायचे ते दिवस मावळता परतायचे. मुलं शाळेत. दिवसभर घरात आम्ही दोघी. म्हणजे उचलायचं मीच, आणि पुन्हा पाडलं तर तेही मीच.

हाड मोडलं नव्हतं. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी सासूबाईंचा खुबा पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. ओसरीच्या चार पायऱ्या चढून मी धापा टाकत होते. ते म्हणाले, पुढच्या वेळी दोघींचीही हाडं मोडतील, तुमचं वजन उतरायला हवं आणि अंगात ताकद यायला हवी, दोन्ही एकदम. मला वाटलं, थट्टा करतायत. आमच्याकडे बारीक झालेल्या बाईला कुणी ताकदवान म्हणत नाही, काय आजार गो, असं विचारतात.

काय खाता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं: सकाळी पेज, दुपारी उकड्या तांदळाचा भात आणि हुमण, म्हणजे माशाची आमटी, तिन्हीसांजेला पाव आणि चहा, रात्री पुन्हा भात. मासा किती खाता? उरला तर, मी म्हटलं. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं.

त्यांना काय सांगणार? आमच्या घरात पुरुष आधी जेवायचे, तळलेल्या तुकड्या त्यांच्या पानात जायच्या. मग मुलं, मग सासूबाई, मग मी. माझ्या वाट्याला शेपटी, डोकं आणि हुमणाचा रस्सा. रश्शाने भात मात्र कितीही जातो. मी भाताने फुगले होते आणि आतून पोकळ राहिले होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. डॉक्टर म्हणाले, भात एक डाव, बाकी ताट मासे, अंडी, कुळीथ, मूग, दही, पालेभाजी यांनी भरा. उपाशी राहू नका, राहिलात तर आहे ती ताकदही जाईल. आणि रोज काहीतरी जड उचला, आधी थोडं, मग जास्त.

मी त्यातलं सोपं तेवढं केलं. भात कमी केला. पुरुषांच्या आधी तुकडी वाढून घेणं मला जमेना, हातच पुढे होईना. आठ-दहा दिवसांत हात कापायला लागले. एका सकाळी सासूबाईंना अर्धं उचललेलं असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी त्यांना परत पलंगावर टेकवलं आणि तिथेच खाली बसले. छातीत इतकं धडधडत होतं की मला बोलता येईना. त्यांनी विचारलं, जेवलें गो तूं? मी मान हलवली, नाही.

त्या दिवशी दोन्ही मुलगे घरी आल्यावर त्यांनी त्यांना खोलीत बोलावलं. झटक्याने जीभ जड झाली होती, शब्द घसरत होते, तरी हुकूम स्पष्ट होता.

"फाल्यां सावन सुनेचें ताट पयलीं. हांगा, माज्या मुखार. नुस्त्याची कुडी तिका."

उद्यापासून सुनेचं ताट आधी, इथे माझ्यासमोर, आणि माशाची तुकडी तिला. चाळीस वर्षं ज्या बाईने स्वतः पुरुषांमागून जेवून तो रिवाज राखला, तिने तो एका दमात मोडला. माझ्यावरच्या मायेने मोडला असं मी म्हणणार नाही. त्यांना भीती होती, मी पुन्हा पाडीन याची. मलाही तीच होती. त्या भीतीपायी मी सासूच्या पुढ्यात बसून, मान खाली घालून, बांगडा खाल्ला. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बांगडा चांगला होता.

बाहेर तेव्हा गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी यावरून गावं पेटली होती. आमच्या घरात सासू कोकणीत बोलायची, सून मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघींना सगळं समजायचं. रोज सकाळी उचलताना त्या एकच प्रश्न विचारायच्या.

"जड लागतां गो?"

मी जड वाटते का गं. मी सरळ सांगायचे, हो, लागता. मला गोड बोलायची सवय नाही, माहेरी सावंतवाडीकडेही सगळे मला फटकळ म्हणायचे. त्या डोळे मिटून घ्यायच्या.

दुपारी मी मागच्या दारी कळशी उचलायचा सराव करायचे. आधी अर्धी, मग भरलेली, मग गोणपाटात नारळ घालून. पाटावर बसायचं, हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं. सकाळी दोन अंडी, दुपारी कुळथाची कढी आणि मासे, रात्री मूग. दोन-तीन महिन्यांत पोलक्याच्या शिलाया आत घ्याव्या लागल्या. शेजारणी हळूच विचारायच्या, साखर निघाली काय? आई भेटायला आली तर मला पाहून रडायलाच लागली. मी तिच्यासमोर नारळांचं गोणपाट उचलून दाखवलं, तेव्हा ती जास्तच घाबरली.

पण सकाळचं उचलणं सोपं होत गेलं. "जड लागतां गो?" याचं उत्तर आधी "थोड्या" झालं आणि मग "नाही". ते "नाही" म्हणताना मला अभिमान वाटायचा. गुडघे वळत नव्हते, दम लागत नव्हता. मी ती सगळी माझी कमाई समजत होते.

मग एकदा अंघोळ घालताना त्यांचा हात वर धरला आणि बांगड्या सरसर खाली येऊन कोपराच्याही पलीकडे अडकल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. बरगड्यांच्या मधे माझी बोटं बसत होती. इतके दिवस रोज या अंगाला हात लावत होते आणि मला कळलं नव्हतं. ताट तर रोज रिकामं मिळायचं, आणि त्या जेवायच्या खिडकीजवळच्या कदेलीवर. त्यांना कोरडं करून निजवलं आणि परसातून फिरून खिडकीखाली गेले. जोत्याच्या चिऱ्यांवर वाळलेली शितं चिकटली होती, माशाचे काटे होते, मुंग्यांची रांग लागली होती. शेजाऱ्यांचं कुत्रं तिथे आरामात पडलं होतं. ते गलेलठ्ठ झालं होतं, आणि आमच्या परसात इतकं का रमतं याचं मला कौतुक वाटायचं.

मी आत येऊन विचारलं. त्यांनी लपवलं नाही.

"तूंच म्हळें जड लागता. म्हणून हांव हलकी जाल्यें."

मी सांगितलं म्हणून त्या हलक्या झाल्या होत्या. मी माझं ताट साफ करून भांडी घासायला गेले की त्या चांगल्या हाताने आपलं जेवण गजांतून बाहेर सारायच्या. मी त्यांच्या नजरेसमोर जेवत होते, पण त्यांचं जेवण बघायला मी कधी बसले नव्हते. डॉक्टरांना बोलावलं तर ते म्हणाले, आता साधी सर्दी झाली तरी हे शरीर ती सोसणार नाही.

नेमकं त्याच आठवड्यात भाषेच्या आंदोलनात झाडं तोडून रस्ते अडवले गेले. बस बंद, मासे घेऊन येणारी नुस्तेंवाली बंद. डॉक्टरांनाही येता येणार नव्हतं. ते दिवस मी कशी जगले ते मला सांगता येत नाही. त्या खोकल्या तरी मी चुलीवरचं सोडून धावायचे. घरात होतं ते कुळथाचं पीठ, शेजारणीकडची अंडी, दूध, एवढ्यावर दोघींना दिवस काढायचे होते. आता मी खिडकी लावून घ्यायचे आणि एक घास त्यांना, एक मला, असं जेवण चालायचं. तरी त्या तोंड फिरवायच्या. त्यांचा माझ्या हातांवर विश्वास नव्हता, आणि का असावा?

म्हणून मी दोन भरलेल्या बालद्या खोलीत आणल्या, दोन्ही हातांत उचलल्या आणि म्हटलं, आई, तुम्ही सांगाल तेव्हाच खाली ठेवते. त्या बघत राहिल्या. माझे खांदे भरून आले, बोटांना कड्या रुतल्या. त्या काही बोलेनात. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी बालद्या हलल्या नाहीत. शेवटी त्या म्हणाल्या, "दवर." ठेव. आणि पेजेच्या वाटीकडे त्यांनी बोट दाखवलं.

रस्ते मोकळे झाले, मासे आले, थंडी सरली. त्या खात होत्या, पण मला भरवसा वाटत नव्हता. रोज सकाळी उचलताना मी श्वास धरून त्यांचं वजन हातांनी जोखायचे आणि रोज त्या तेवढ्याच हलक्या लागायच्या. जड लागतां गो? नाही. ते "नाही" खरं होतं आणि आता ते उच्चारताना मला भीती वाटायची.

काजूला मोहर आला त्या सुमाराला एका सकाळी मी त्यांना उचललं आणि कमरेत ओढ बसली. दंड ताणले गेले. एक पाय मागे घेऊन तोल सावरावा लागला. कदेल दोन पावलांवर होती. त्यांना पाडलं त्या दिवसाची तीच भीती पायांतून वर चढली, मी दात आवळले आणि त्यांना नीट बसवलं.

"जड लागतां गो?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. त्यांच्याशी मी बोललेलं ते पहिलं खोटं.