दिपमालाच्या आईचे वकील

योगराज वकील मे महिन्यात गेले. दुपारी कोर्टातून आले, कोट खुंटीला अडकवला, "ज्योत्स्ना, जरा पडतो," म्हणाले आणि आडवे झाले. ज्योत्स्नाबाई चहा घेऊन खोलीत गेल्या तेव्हा सगळं संपलं होतं. धुळ्यात त्या दिवशी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, इतकं ऊन. तरी संध्याकाळपर्यंत देवपुरातल्या त्यांच्या छोट्या घरापुढे माणसं मावेनात.

त्यातली निम्मी माणसं ज्योत्स्नाबाईंनी कधी पाहिलीही नव्हती. सातपुड्यातून आलेल्या बाया, एक गॅरेजवाला, डोळ्यांनी अधू असलेले एक म्हातारेबुवा. जो तो एकच सांगे, "भाऊंनी मले सोडवलं." कुणाचा मुलगा चोरीच्या संशयावरून उचलला होता, कुणाला बेड्या घालून भर बाजारातून फिरवलं होतं. अशा वेळी योगराजभाऊ ठाण्यात जाऊन बाकावर बसत. "अटक केली असेल तर कागद दाखवा. नसेल केली तर माणूस माझ्याबरोबर पाठवा," एवढंच म्हणत. आवाज कधी चढवला नाही, पण माणूस घेतल्याशिवाय उठायचेही नाहीत.

हे वेड त्यांना कुठून लागलं ते ज्योत्स्नाबाईंना ठाऊक होतं. योगराज धरणगावकडचे, कापूस पिकवणाऱ्या घरातले. ते शाळेत असताना गावात कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर चोरीला गेली आणि वडलांना, हिलालआबांना, संशयावरून उचलून नेलं. चोर दुसराच निघाला तेव्हा सोडून दिलं. आबा घरी आले, दुसऱ्या दिवशी शेतात गेले. पण त्यानंतर मरेपर्यंत कधी पारावर बसले नाहीत. पोराने एकदा धीर करून विचारलं, "आबा, तुमनी चूक नव्हती ना?"

"चूक नव्हती रे भाऊ," आबा म्हणाले, "पन मनाकडथून बोलाले कोनी नव्हतं."

आबांच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं, तेवढ्यासाठी योगराज वकील झाले.

त्यांच्या सगळ्या खटल्यांत एक मात्र असा होता, की त्याने घरही हादरलं. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात दिपमाला नावाची चौथीतली मुलगी नदीकाठी मेलेली सापडली. मारलेली. जिल्हा पेटून उठला. मोर्चे निघाले, बाजार बंद राहिले. आठवड्याच्या आत झुलाल नावाचा मजूर धरला गेला. केळीच्या घडांच्या गाड्या भरणाऱ्या टोळीत तो कामाला होता, एकटा राहणारा, थोडा तिरसट. त्याने गुन्हा कबूल केल्याचं सगळीकडे छापून आलं. कोर्टातल्या बहुतेक वकिलांनी आपापसात ठरवून टाकलं, याचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही.

योगराजभाऊ तुरुंगात जाऊन त्याला भेटले. घरी आले ते जेवलेच नाहीत.

"त्याच्या दोन्ही हातांची बोटं मोडलीत," ते ज्योत्स्नाबाईंना म्हणाले. "त्या दिवशी तो मुक्ताईनगरकडे गाडी भरत होता म्हणतो. कुणी विचारलंसुद्धा नाही."

"अहो, पण तुम्हीच का?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं. "आपली पोरगी भूमिका त्या मुलीएवढीच आहे. लोक काय म्हणतील, याचा तरी विचार करा."

सकाळी ते वकीलपत्र दाखल करून आले.

मग व्हायचं ते झालं. कोर्टाच्या फाटकात कुणीतरी त्यांच्या तोंडावर शाई फेकली. घरावर दगड आले. भूमिकाच्या शेजारी वर्गात कुणी बसेना. योगराजभाऊंचा धाकटा भाऊ कुंदन धरणगावहून आला, दारातूनच म्हणाला, "वहिनी, याला सांगा, आम्हाला गावात तोंड दाखवायला जागा नाही राहिली," आणि पाणीही न घेता माघारी गेला. ज्योत्स्नाबाईंनी नवऱ्याची बाजू कुठेच सोडली नाही. पण त्यांनाही राग होता. कितीतरी दिवस त्या त्यांच्याशी कामापुरतंच बोलत.

अशात एका सकाळी दिपमालाची आई दाराशी येऊन उभी राहिली. सुमनबाई तिचं नाव. बरोबर कुणी नाही, पायात चप्पल नाही. ओसरीवर भूमिका अभ्यास करत बसली होती. सुमनबाई तिच्याकडे बघतच राहिली.

"हाई तुमनी आंडेर ना, वकीलसाहेब?"

"हो माय. माझीच मुलगी."

"हिले काही व्हतं तं तुमी त्याना बाजूले असाच उभा ऱ्हाता का?"

योगराजभाऊ खाली उतरून तिच्यासमोर उभे राहिले. ज्योत्स्नाबाईंनी त्यांचा चेहरा इतका पडलेला कधी पाहिला नव्हता.

"नसतो राहिलो, माय," ते म्हणाले. "मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. पण तेव्हाही कुणीतरी मला विचारायला हवं होतं, की हाच तो कशावरून?"

"पोलिसांनी सांगं."

"त्यांनी सांगितलं. त्याने केलं नाही, माय. जीव तोडून सांगतो."

"तो नही ते मंग कोन?"

सुमनबाई उत्तराची वाट बघत राहिली, आणि मग आली तशी निघून गेली.

खटला चार-पाच वर्षं चालला. टोळीचा मुकादम सुपडू साक्षीला उभा राहिला आणि झुलाल त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत आपल्याबरोबर होता हे त्याने कुणाला न भिता सांगितलं. झुलालच्या घरात दिपमालाची ओढणी सापडली, या पंचनाम्यावर पोलिसांची सगळी भिस्त होती. त्यातल्या पंचानेच उलटतपासणीत कबुली दिली, की सही कोऱ्या कागदावर घेतली होती. झुलाल निर्दोष सुटला. तोवर त्याची आई भागाबाई मरून गेली होती. तिला माती द्यायलाही त्याला सोडलं नव्हतं.

सुटल्यावर झुलाल योगराजभाऊंच्या पाया पडायला आला, वाकडी बोटं लपवत. भाऊंनी त्याला जेवायला बसवलं. पण तो गेल्यावर ते उठून अंगणात येरझारा घालू लागले.

"तुम्ही जिंकलात ना?" ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"ती बाई विचारून गेली त्याचं काय?" ते म्हणाले. "झुलालला धरला तिथंच तपास थांबला. मारणारा मोकळाच आहे. आणि आता कुणाला त्याची घाई नाही."

पुढे दोनदा ते सुमनबाईच्या गावी गेले. नव्याने तपास करावा अशी याचिका उच्च न्यायालयात करता येते, पण ती आईने केली तर तिला वजन येतं, हे तिला सांगायचं होतं. पहिल्यांदा तिने दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा ऐकून घेतलं. आणि मग पोळ्यानंतर कधीतरी स्वतःच धुळ्याला आली.

"मना आंडेरले मारनारा गावमाच फिरी ऱ्हायना आसी, आसं माले वाटस," ती म्हणाली. "मी कोनाकडे दखू आन कोनाकडे नको? कोठे सही करानी ते सांगा."

त्या दिवसापासून ते तिचे वकील झाले. याचिका दाखल झाली, जूनमध्ये सुनावणीची तारीख लागली. आणि मे महिन्यात ते गेले.

अंत्ययात्रा निघायच्या वेळी कुंदन आला. भावाच्या पायाशी बसून राहिला, मान वर केली नाही. ज्योत्स्नाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. गल्लीच्या तोंडाशी झुलाल भिंतीला टेकून उभा होता. तेवढ्यात सुमनबाई रिक्षातून उतरली. तिला पाहताच तो चटकन मागे सरकला, गर्दीत शिरू लागला.

ती थांबली. इतक्या वर्षांत दोघं कोर्टाच्या बाहेर समोरासमोर आले नव्हते.

"मांगे नको सरकू, भाऊ," ती म्हणाली. "पुढे चाल. त्यास्ले खांदा दे."

झुलाल लहान मुलासारखा रडला. मग पुढे झाला आणि त्याने खांदा दिला. ते पाहणाऱ्या काही वकिलांनी तोंडं फिरवली.

जूनमध्ये ज्योत्स्नाबाई सुमनबाईला घेऊन एसटीने संभाजीनगरला गेल्या. योगराजभाऊंच्या बरोबर काम करणाऱ्या चारुलता वकील तिथे खंडपीठापुढे उभ्या राहिल्या. सरकारी वकिलांनी मुदत मागितली. ती मिळाली. दिवाळीनंतरची तारीख पडली. सगळं इतक्या झटपट आटोपलं, की सुमनबाईला कळलंच नाही.

"आते?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"आता दिवाळीनंतर यायचं. मी येईन बरोबर."

"भाऊ व्हतात तं काही सांगतात," सुमनबाई म्हणाली.

ज्योत्स्नाबाईंनी मान हलवली. काय सांगितलं असतं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

परतताना कन्नडचा घाट लागला आणि सुमनबाई अचानक दिपमालाबद्दल बोलू लागली. तिला चिंचा किती आवडत, ओढणीला बांधून शाळेत कशी न्यायची, मास्तरांनी धरलं तर त्यांनाच एक कशी द्यायची. खटल्यात त्या मुलीची इतकी चर्चा झाली, पण हे कुणी विचारलं नव्हतं. ज्योत्स्नाबाई ऐकत राहिल्या. नवरा गेल्यापासून माणसांची रीघ होती, चूल होती, भूमिका होती. त्यांना रडायला सवड सापडली नव्हती. घाट उतरून चाळीसगावची वस्ती दिसू लागली तेव्हा त्यांना हुंदका आवरेना, आणि सुमनबाईने बोलता बोलताच त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.